सिएटल १९९९ : रस्त्यावरच्या आठवणींची साक्ष

१/६
३० नोव्हेंबर १९९९. अमेरिकेतील सिएटल शहरात त्या दिवशी जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद सुरू व्हायची होती. सकाळी लवकरच आंदोलकांनी सभास्थानाकडे जाणारे चौक अडवले. कित्येकांनी हात नळ्यांत घालून स्वतःला एकमेकांशी जखडून घेतले. प्रतिनिधी पोहोचू शकले नाहीत आणि उद्घाटन समारंभ रद्द झाला.

२/६
किमान ४०,००० लोक रस्त्यावर होते, असे मानले जाते. पोलाद कारखान्यांतले कामगार, गोदी कामगार, विद्यार्थी आणि कासवांचा वेश केलेले पर्यावरणवादी. कासवेच का? समुद्री कासवांचे संरक्षण न करता पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेने आयातबंदी घातली होती. त्याविरुद्धच्या तक्रारीत १९९८ मध्ये निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. तक्रारदार चार देशांपैकी एक होता भारत.

३/६
पोलिसांनी अश्रुधूर आणि रबरी गोळ्या वापरल्या. एका छोट्या गटाने दुकानांच्या काचा फोडल्या. महापौर पॉल शेल यांनी आणीबाणी व संचारबंदी जाहीर केली. आठवडाभरात ५०० हून अधिक लोकांना अटक झाली.

४/६
जून २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले, की सिएटलच्या आंदोलकांनी पोलिसांवर पेट्रोलबाँब फेकले होते. लवकरच त्या वृत्तपत्राला दुरुस्ती छापावी लागली : असा आरोप एकाही आंदोलकावर नव्हता. सहा महिन्यांतच घटनेचे रूप इतके पालटले होते! वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रकल्पाने सहभागी लोकांच्या मुलाखती आणि पत्रके जतन केली, त्यांचे मोल इथे कळते.

५/६
मात्र आठवणींनाही मर्यादा असतात. ‘आम्ही परिषद बंद पाडली’ ही रस्त्यावरची आठवण अर्धीच खरी आहे. ३ डिसेंबरला वाटाघाटी फिसकटल्या, त्यामागे शेती अनुदानांवरचे मतभेद होते. मोजक्या देशांच्या बंद दाराआडच्या बैठकांवर आफ्रिकी, कॅरिबियन व लॅटिन अमेरिकी प्रतिनिधींचा रोषही होता. शिवाय बाहेरच्या अमेरिकी कामगार संघटनांना व्यापार नियमांत कामगारहक्कांच्या अटी हव्या होत्या. आत भारतासह अनेक विकसनशील देशांचा त्यालाच विरोध होता. चौकात बसलेल्याला हे दिसणे शक्य नव्हते.

६/६
तरीही जे त्याला दिसले, ते पुढे न्यायालयात टिकले. वेस्टलेक पार्कमध्ये शांतपणे बसलेल्यांना झालेली अटक घटनाबाह्य होती, असा कौल २००७ मध्ये फेडरल न्यायालयातील ज्युरीने दिला. शहराला भरपाई मोजावी लागली. तोवर सात वर्षे लोटली होती आणि साक्ष द्यायला तीच माणसे उभी राहिली होती.