कडा, गिधाड आणि दोर : सह्याद्रीतील एका हंगामाचा इतिहास

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेकाठी वसलेल्या मांजरीच्या शिवारात कडा म्हणावा असा एकही नाही. तरीही तिथल्या उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांतली काळी माती ज्या बेसाल्टच्या झिजेतून झाली, तोच खडक पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेवर एकदम तुटतो आणि कोकणाच्या बाजूला शेकडो मीटर खोल उतरतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेला हा खडक दुरून अभंग दिसतो, पण दोन थरांच्या मध्ये बहुधा तांबड्या मातकट खडकाची मऊ पट्टी असते. पाऊस आणि वारा ती आधी पोखरतात आणि वरच्या कठीण थराचा आधार सुटत जातो. पट्टी झिजून आत गेली की कपार तयार होते, आणि आधार गेलेला थर उभ्या भेगांवर मोडून खाली येतो. शिकारी पक्ष्याला घरट्यासाठी मिळणारी जागा आणि चढणाऱ्याच्या डोक्यावर येणारा दगड ही बऱ्याच वेळा अशी एकाच झिजेची देणगी असते.

या कड्यांवर कोणी चढावे, हा प्रश्न गिर्यारोहणाच्या छंदाहून कितीतरी जुना आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा (आजचा सिंहगड) घेतला तो कड्याच्या बाजूने चढून. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची लोकप्रिय कथा पोवाड्यातून रुजली असली, तरी कडा चढण्यात तरबेज असलेले मावळे त्या काळी सैन्याला हवे असत, एवढे या चढाईवरून म्हणता येते. गडाचा कडा हीच गडाची तटबंदी असल्याने चढण्याची वाट ही राज्याची बाब होती. म्हणूनच १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक दुर्गम किल्ल्यांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. नाशिक-नगर सीमेवरच्या अलंग आणि मदन या किल्ल्यांवर आज दोर लावून जावे लागते, त्याचे मूळ या कारवाईत आहे; शत्रूसाठी बंद केलेली वाट पुढे छंदाचे मैदान झाली, हा इतिहासाचा एक गमतीचा भाग.

सैन्याच्या गरजेपलीकडे डोंगरातील लोकांच्या कड्याशी असलेल्या व्यवहाराला स्वतःचे नियम होते. मावळातील ढाक-बहिरीची गुहा उभ्या कातळातील खोबण्यांना धरून, आडवे सरकत गाठावी लागते. गुहेत बहिरी देवाची भांडी ठेवलेली असतात, ती वापरून धुऊन जागेवर ठेवायची आणि एकही खाली न्यायचे नाही, हा रिवाज मुक्कामाला येणारे आजवर पाळत आले आहेत. कागदावर नसलेला हा नियम कागदावरच्या अनेक नियमांपेक्षा नीट चालतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची गिरिविहार, पुण्याची गिरिप्रेमी अशा संस्थांनी प्रस्तरारोहणाला, म्हणजे दोर, मेखा आणि बोल्ट वापरून उभा कातळ चढण्याला, शिस्तीचे रूप दिले; नागफणी, ढाकशेजारचा कळकराईचा सुळका आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही नावे त्यातून मराठी घरांत पोचली. याच काळात कड्यावरचे जुने रहिवासी मात्र नाहीसे होत होते. कातळाच्या कपारीत घरटे करणारे लांब चोचीचे गिधाड १९९० च्या दशकात ९० टक्क्यांहून अधिक घटले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावराचे मढे खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. जगात याला समांतर उदाहरण आहे ते डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन घटलेल्या बहिरी ससाण्याचे. तो पक्षी सावरत असताना अमेरिकेतील योसेमिटीत घरट्याचे ठरावीक कडे वीण संपेपर्यंत बंद ठेवण्याची पद्धत रुळली. ब्रिटनमध्ये हेच काम गिर्यारोहकांच्या संघटनेने पक्षिमित्रांशी ठरवलेल्या स्वेच्छेच्या बंधनांतून चालते.

सह्याद्रीतील अडचण हंगामाची आहे. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला आणि दरड कोसळण्याचे भय सर्वांत मोठे. सिंहगडाचा घाटरस्ताही त्या दिवसांत वेळोवेळी बंद करावा लागतो. पाऊस ओसरल्यावरही मुरलेल्या पाण्याने सैल झालेले दगड काही आठवडे सुटत राहतात. त्यामुळे चढाईचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि गिधाडाचाही तोच: जोडी याच काळात एकच अंडे घालते, ते सुमारे ५० दिवस उबवते आणि पिल्लाला पुढे अनेक आठवडे कपारीतच वाढवते. ते अंडे फुकट गेले तर ते वर्ष जवळजवळ वायाच जाते. परदेशातील हे बंधन जसेच्या तसे इथे आणले, तर चढाईला उरतो तो ओल्या कातळाचा काळ. तेव्हा संपूर्ण डोंगर नव्हे, तर घरट्याची बाजू तेवढी सोडणे हाच मार्ग व्यवहाराचा. नाशिकजवळील अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे वीण करतात. त्या परिसराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि पुढे गडावर रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला निसर्गप्रेमींनी विरोध केला तोही याच घरट्यांचा दाखला देऊन.

घरटे कोठे आहे हे कळण्यासाठी कड्यावर चढावे लागत नाही. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ पायथ्यावरून दुर्बिणीने दिसतात. दगड सुटण्याची जागाही तशीच ओळखता येते: जुन्या, पावसाने काळवंडलेल्या कातळावर नव्याने तुटलेला भाग स्वच्छ करड्या किंवा तांबूस रंगाने उठून दिसतो. वाट ठरवणारा पहिला गडी पायथ्याशी बसून कडा न्याहाळतो, तेव्हा या दोन्ही खुणा तो एकाच नजरेत टिपू शकतो.