लंडनची सहल : एकाच बॅगेत तीन ऋतू

परीक्षा संपल्या, निकाल लागले की मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबे लंडनचा रस्ता धरतात. कोणी पर्यटन कंपनीबरोबर जाते, कोणी तेथे नोकरी करणाऱ्या मुला-मुलीकडे. सामान भरताना बहुतेक घरांत एकच चूक होते. 'इंग्लंड म्हणजे थंडी' असे गृहीत धरून जाड स्वेटर, कानटोप्या आणि थर्मल यांनी अर्धी बॅग भरली जाते. काही जण याउलट 'उन्हाळाच आहे' म्हणून केवळ टी-शर्ट नेतात. लंडनचा उन्हाळा या दोघांनाही चकवतो.

हवा का बदलते?

ब्रिटन हे अटलांटिक महासागराच्या कडेचे बेट आहे. वारे पश्चिमेकडून, समुद्रावरून आले की ढग, भुरभुर पाऊस आणि गारवा येतो. दक्षिणेकडून, म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या बाजूने आले की पारा झपाट्याने चढतो. हा बदल एका दिवसात होऊ शकतो. जुलैमध्ये लंडनचे सरासरी कमाल तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअस, तर किमान सुमारे १४ अंश असते. परंतु सरासरी फसवी असते. ढगाळ दिवशी दुपारीही पारा १८ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि उष्णतेच्या लाटेत तो ३० च्या पुढे जातो. १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रो येथे ४०.२ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती.

पावसाचे गणितही निराळे आहे. मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लंडनमध्ये याच महिन्यात तो सुमारे ५० मिलिमीटर असतो. मात्र मुंबईसारखी मुसळधार सर कोसळून मोकळे होण्याऐवजी तेथे हलक्या सरी अधूनमधून हजेरी लावतात. गमबूट आणि जाड रेनकोट त्यामुळे निरुपयोगी ओझे ठरतात.

जाड कपड्याऐवजी थर

उपाय साधा आहे. एक जाड कपडा नेण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक चढवता आणि उतरवता आले पाहिजेत. आत सुती टी-शर्ट किंवा कुर्ता, त्यावर पातळ स्वेटर आणि सर्वांत वर टोपी असलेले, वारा व पाणी अडवणारे हलके जॅकेट एवढे पुरेसे होते. सलवार-कमीज वापरणाऱ्या महिलांना मोठी सुती ओढणी किंवा पातळ शाल दुहेरी कामाला येते. साडी नेसायची असल्यास फॉल ओल्या पदपथावर भिजणार नाही, एवढी ती वर घ्यावी. जीन्स वाळायला वेळ लागतो. त्यामुळे एकच जीन्स आणि दोन हलक्या पँट सोयीच्या. पायांत मात्र रुळलेले, पकड असलेले बंद बूट हवेत. नवे बूट पहिल्यांदा लंडनमध्येच घालण्याचा मोह टाळावा. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर पायपीट सहज होते.

जूनमध्ये तेथे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. लख्ख उजेड पाहून जॅकेट हॉटेलवर ठेवले जाते आणि थेम्सकाठी किंवा उघड्या बसमध्ये संध्याकाळी हुडहुडी भरते. म्हणून बाहेर पडताना जॅकेट सॅकमध्ये असावेच. लॉर्ड्सवर सामना पाहण्याचा बेत असेल, तर टोपी, सनस्क्रीन आणि स्वेटर या तिन्हींची गरज एकाच दिवशी लागू शकते. ढगांआडूनही ऊन त्वचेला पोळते.

ज्येष्ठांनी उन्हाची धास्ती घ्यावी

मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी थंडीइतकीच उष्णतेचीही तयारी ठेवावी. तेथील जुनी घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. छताला पंखा नसतो आणि बहुतेक घरांत वातानुकूलनही नसते. त्यामुळे तेथील ३२ अंश आपल्याकडच्या ३२ अंशांपेक्षा अधिक जाचक वाटू शकतात. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटांच्या काळात इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार जादा मृत्यूंचा अंदाज सरकारी आरोग्य यंत्रणेने वर्तवला. त्यांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे होते. मुंबईचा उन्हाळा सोसला आहे, या भ्रमात राहू नये.

लाटेच्या दिवसांत दुपारी पडदे ओढून घ्यावेत, रात्री हवा गार झाल्यावर खिडक्या उघडाव्यात, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भुयारी रेल्वेच्या सेंट्रल आणि बेकर्लू मार्गांवरील गाड्या वातानुकूलित नाहीत. अशा दिवशी २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन किंवा डिस्ट्रिक्ट, सर्कल या मार्गांच्या वातानुकूलित गाड्या बऱ्या. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी जून-जुलैमधील गवताच्या परागकणांचीही दखल घ्यावी आणि नेहमीची औषधे सोबत ठेवावीत.

बॅग भरताना

* आठवड्याच्या सहलीसाठी : पाच सुती टी-शर्ट किंवा कुर्ते, तीन पँट, एक पातळ स्वेटर, एक जॅकेट, एक सैलसर सुती पोशाख.
* घडीची छत्री मजबूत काड्यांची असावी. वाऱ्यात स्वस्त छत्री उलटते.
* पाण्याची रिकामी बाटली. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.
* चौकोनी तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर.
* औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कपड्यांचा एक जोड हातातील बॅगेत. मुख्य बॅग उशिरा आली तर हाल होत नाहीत.
* मुंबईहून निघताना हातातील बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी सनस्क्रीनची बाटली चालत नाही. ती मोठ्या बॅगेत टाकावी.
* भुयारी रेल्वेच्या अनेक जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही. स्वतःला जिना चढून नेता येईल एवढीच बॅग भरावी.

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी ब्रिटिश हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि बॅगेला शेवटचा हात त्यानंतरच फिरवावा. पाऊस असेल त्या दिवशी ब्रिटिश म्युझियमसारखी विनामूल्य संग्रहालये पाहावीत आणि उद्याने, राजवाड्यांचा फेरा उघडिपीच्या दिवशी ठेवावा.