चंद्राचे दगड आणि लोणारचा खड्डा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली कोलकात्यात उभी राहिली ती कोळशासाठी. आगबोटी चालवायच्या होत्या, रेल्वे येऊ घातली होती, आणि हिंदुस्थानच्या जमिनीखाली कोळसा नेमका कुठे आणि किती आहे हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्या शोधासाठी आयर्लंडहून थॉमस ओल्डहॅम यांना आणलं गेलं. आज या संस्थेच्या मध्य क्षेत्राचं मुख्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांचं काम तिथून चालतं. जाणकार तिला नुसतं ‘जीएसआय’ म्हणतात. कोळसा, मँगनीज, नकाशे, दरडी अशा कामांची तिची यादी लांबलचक आहे. मला मात्र तिच्या वाटचालीतला एकच पदर उलगडायचा आहे. माणूस चंद्रावर उतरला, या घटनेशी या संस्थेचं नातं आपल्या विदर्भातच जुळलं, लोणारच्या खड्ड्यात. आणि ते नातं विदर्भातल्याच फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

दगडांच्या हिशेबाने नागपूर हे सीमेवरचं गाव. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, म्हणजे दख्खनच्या लाव्हाची. सह्याद्रीपासून पसरत आलेला तो थर इथे संपत येतो. शहराच्या पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने, पट्टेदार नाइस खडक लागतात. हे बारकाईने पाहिलं ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. त्याचा आणि रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध १८५५ साली लंडनला छापून आला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडून गेला. नागपूरकर त्याला ओळखतात ते हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवरून. पण या भागातला दगड हातात घेऊन त्याला प्रश्न विचारायची सवय इथे त्याने लावली, आणि सर्वेक्षणाची पुढची कामं त्याच सवयीवर उभी राहिली.

लोणारची नोंद युरोपीय कागदपत्रांत १८२३ साली आली, सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. गावाला अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून हे तळं माहीत होतं. लवणासुराची कथा, धारेचं गोड पाणी, कमळजा देवी, दैत्यसूदनाचं देऊळ हे सगळं होतंच. शिवाय तळ्याच्या कडेला सुकणारा खार होता. पापडी, खुप्पल, भुसकी, दल्ला अशी त्या खाराची नावं होती आणि त्याचा व्यापार चाले. सर्वेक्षणही इथे पोचलं ते काही अंशी या खाराच्याच मागे. ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये लोणारच्या भूशास्त्रावर लिहिलं, त्याला इथल्या सोड्यावरचं टिपण जोडलेलं आहे.

खड्डा कशाने पडला, यावर मात्र संस्थेतले बहुतेक जण ज्वालामुखीकडे झुकलेले होते. त्यांना दोष देता येणार नाही. चहूबाजूंना शेकडो किलोमीटर लाव्हाच पसरलेला असताना मधल्या गोल खड्ड्याचं कारण आणखी कुठे शोधायचं? अडचण वयाची होती. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. लोणारची कड मात्र अजून उभी आहे, पावसापाण्याने झिजून सपाट झालेली नाही. म्हणजे खड्डा बराच नंतरचा; आणि त्या नंतरच्या काळात इथे ज्वालामुखी जागा असल्याची खूण कुठेच सापडत नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही अभ्यासकांनी उल्काघाताची शक्यता मांडायला सुरुवात केली. १९६४ साली लाफाँ आणि डीट्झ यांनी लोणारवर निबंध लिहिला, पण त्याच्या शीर्षकाशेवटी प्रश्नचिन्ह होतं. ते पुसायला लागणारा पुरावा कुणाच्याच हाती नव्हता.

मग १९६९ चा जुलै उजाडला.

१९ जुलैला इंदिरा गांधींच्या सरकारने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि देशभर तीच चर्चा सुरू झाली. भारतीय वेळेने २१ जुलैच्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास अपोलो-११ मोहिमेचं ‘ईगल’ यान चंद्रावर टेकलं. सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी नील आर्मस्ट्राँगने पाय खाली ठेवला. सोमवार होता, कचेऱ्या आणि शाळा भरायची वेळ. नागपुरात टीव्ही नव्हता. मुंबईलासुद्धा तो १९७२ मध्ये आला. त्यामुळे इथल्या माणसांनी चंद्रावरचा माणूस पाहिला नाही, तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वाचला. २६ ऑक्टोबरला त्या मोहिमेचे तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यात मुंबईत आले. दरम्यान १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली होती. चंद्रावरच्या त्या पावलात आणि इस्रोच्या जन्मात पुरता महिनाही गेला नव्हता, हे दर वेळी आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या दिवसाची आठवण आपण काढतो ती पाऊलखुणेची आणि झेंड्याची. माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाई पेटीत भरून आलेले साडेएकवीस किलो दगड आणि माती हीच आहे. अडीच तासांच्या फेरीच्या शेवटी दगडांच्या पेटीत जागा उरलेली दिसली, म्हणून आर्मस्ट्राँगने आसपासची माती फावड्याने भराभर तिच्यात ओतली. त्या काळपट मातीत पांढुरके बारीक कण निघाले, अॅनॉर्थोसाइट नावाच्या खडकाचे. ते इतर कणांपेक्षा हलके आणि वेगळ्याच जातीचे होते. जॉन वुड आणि इतर संशोधकांनी त्यावरून १९७० मध्ये धाडसी निष्कर्ष काढला. चंद्र जन्मला तेव्हा त्याच्यावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, आणि त्यावर हे हलके स्फटिक दुधावरच्या सायीसारखे तरंगून वर आले. त्यांचंच पुढे चंद्राचं पहिलं कवच झालं.

अपोलोच्या सहा मोहिमांतून एकूण ३८२ किलो नमुने आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांतल्या काहींचा अभ्यास केला. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिकसन पहिल्याच खेपेच्या नमुन्यांतले काचेचे मणी आणि चुऱ्यापासून बनलेले खडक तपासत होते. त्यांच्यापुढे एक पेच होता. चंद्राचे ‘समुद्र’ म्हणजे बसाल्टची, आपल्या काळ्या पाषाणाच्या भाऊबंदांची मैदानं. त्यांच्यावर उल्का आदळून काय होतं ते ताडून पाहायला पृथ्वीवर बसाल्टमध्येच पडलेला उल्काखड्डा हवा. अंतराळवीरांनी सराव केलेला अॅरिझोनाचा प्रसिद्ध खड्डा वाळूच्या आणि चुन्याच्या खडकातला. बसाल्टमधला एकच खड्डा कळण्यासारखा होता, आणि तो बुलढाणा जिल्ह्यात होता.

इथे सर्वेक्षणाची खरी कामगिरी सुरू होते. स्मिथसोनियनच्या साथीने लोणारच्या तळात बोअर घेतले गेले. ड्रिलिंगचं काम पाहिलेल्यांना माहीत आहे, नळीतून गोल कांडीसारखा कोअर वर येतो, तो लांब खणांच्या पेटीत क्रमाने मांडतात आणि प्रत्येक कांडीवर खोली लिहितात. तळ्याचा गाळ संपल्यावर खालून अखंड पाषाण यायला हवा होता. आला तो फुटून पुन्हा सांधलेला चुरा. मोठे तुकडे, बारीक तुकडे, त्यांत शंकूच्या आकाराच्या भेगा. त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तेव्हा प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक आपला आकार तसाच राखून आतून काच झालेले दिसले. याला मॅस्केलिनाइट म्हणतात. वितळल्यामुळे नव्हे, तर वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट दाबाचा धक्का एका क्षणात बसल्यामुळे असं होतं. ज्वालामुखीत तो दाब कधीच निर्माण होत नाही. मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतातल्याच दगडात, १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत.

कडेवर चर खणले, त्यांतही घबाड मिळालं. वितळून उडालेले खडकाचे गोळे आणि काचेचे इवले मणी. दगड हवेत थेंब होऊन उडाला, उडतानाच थंड झाला आणि मणी होऊन मातीत पडला. फ्रेडरिकसन, सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम, आणि अमेरिकी भूसर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन यांचा निबंध मे १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. लोणार उल्काघातानेच झालं, हे त्यात ठामपणे सांगितलं होतं. शिवाय इथले मणी आणि चुऱ्याचे खडक यांची जवळची भावंडं अपोलोच्या नमुन्यांत आहेत, असंही. चंद्रावरून दगड आले नसते तर त्या मण्यांकडे त्या डोळ्यांनी पाहायला इतक्या तातडीने कुणी आलं असतं असं मला वाटत नाही.

पुढची वाटचाल शांतपणे झाली. लोणारला राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा मिळाला, अभयारण्य झालं, २०२० मध्ये ते रामसर स्थळही झालं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर या संस्थांत तपासले गेले, आणि खारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाची जनहित याचिका वर्षानुवर्षं चालली. खड्ड्याच्या वयाचा वादही सुरू राहिला. पूर्वी सर्रास पन्नास हजार वर्षं लिहीत. २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने ते पावणेसहा लाखांच्या घरात गेलं.

चंद्राकडे मात्र आपण स्वतः निघालो. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. प्रज्ञान बग्गीवरच्या उपकरणाने तिथल्या मातीची मोजणी केली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. माती प्रामुख्याने लोहयुक्त अॅनॉर्थोसाइटची, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या पेटीतल्या त्या पांढुरक्या कणांच्याच जातीची निघाली. वितळलेल्या समुद्राच्या कल्पनेला त्याने दुजोरा मिळाला. त्या पावलाचं आजचं मोल मला इथे दिसतं. एकाने घाईत भरलेल्या मातीचा अर्थ चोपन्न वर्षांनी दुसऱ्या देशाच्या यंत्राने चंद्राच्या दुसऱ्या टोकाला पडताळून पाहिला.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली, २,१०४ कोटी रुपयांची. चंद्रावरचे नमुने परत आणणं हे त्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे. २०४० पर्यंत भारतीय माणूस तिथे उतरवायचं ध्येयही सरकारने ठरवलं आहे. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत भूशास्त्रज्ञ एकटा हॅरिसन श्मिट होता. आपल्या यादीत भूशास्त्रज्ञ पहिल्यापासून असावा, आणि त्याने धक्क्याने फुटलेला बसाल्ट आधी लोणारला हाताळलेला असावा, असं मला फार वाटतं. समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरलं की लोणार आता नागपूरपासून काही तासांवर आहे.

पण तिथे त्याला काय सापडेल? लोणारचा विकास म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी असतं, देवळं असतात, कडेवरचा व्ह्यू पॉइंट असतो. शास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक आहे तो कडेबाहेर पसरलेला, आघाताने उडून पडलेल्या दगडमातीचा थर. मणी त्यातच आहेत. त्याच थरावर गाव वाढतंय, शेती होते, पाया खणला जातो, मुरूम म्हणून तो उचललाही जातो. घर बांधणाऱ्याला त्यात काय आहे हे कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. सांगायचं काम सर्वेक्षणाचं आहे आणि ते त्याच्या आवाक्यातलं आहे. थराचा तपशीलवार नकाशा मराठीत छापून लोणारच्या ग्रामस्थांच्या आणि नगरपरिषदेच्या हाती द्यावा, चरांच्या मोजक्या जागा कुंपण घालून राखाव्यात, तिथे मराठी पाट्या लावाव्यात, आणि चांद्रयान-४ चे नमुने येण्याआधी हे सगळं पुरं करावं.