गधेगळ : शिळेवरचे चित्र आणि छापील पान

उत्तर कोकणच्या शिलाहारांचा कारभार ज्या स्थानकातून, म्हणजे आजच्या ठाण्यातून, चाले, त्या परिसरात अक्षरे आणि चित्र यांनी मिळून एकच आज्ञा सांगण्याची रीत छापखान्याच्या कित्येक शतके आधी रुजली होती. भूमिदानाचा लेख राजमुद्रेने अंकित असावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आणि या स्मृतीवरील ‘अपरार्क’ या प्रसिद्ध टीकेचा कर्ता शिलाहार राजा पहिला अपरादित्य हाच मानला जातो. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असे. ताम्रपटावरील मजकूर कितीही निर्दोष असला, तरी तो राजाचा आहे हे सिद्ध व्हायचे ते त्या गरुडामुळे.

दानाची आज्ञा शिळेवर कोरली जाई तेव्हा चित्राचे काम याहून अवघड होते. अशा शिळेवर माथ्याशी चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प असे. या शिल्पामुळेच तिला गधेगळ म्हणतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ, तर दान मोडणाऱ्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो, हा खालचा शाप. दुसऱ्या अपरादित्याच्या इ. स. ११८७ मधील परळच्या शिलालेखात ही रचना विशेष बोलकी आहे, कारण त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात असून शापवाक्य मात्र मराठीत आहे. संस्कृत जाणणारा पहिल्या ओळीपासून वाचेल, मराठी वाचणारा शापापाशी थांबेल आणि ज्याला अक्षरओळखच नाही त्याच्यासाठी चित्र आहे, असा हा उतरता क्रम आहे. म्हणून चित्र हे लेखाचे निव्वळ भाषांतर ठरत नाही. गाव कोणते आणि दान कोणाचे हे चित्राला सांगता येत नाही, आणि चित्र पाहताच मनात उभी राहणारी धास्ती अक्षरांत उतरत नाही. शापाचे हे रूप आजच्या वाचकाला क्रूर वाटते, आणि स्त्रीच्या देहावर लादलेली ती शिक्षा क्रूर आहेच. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळच्या चौधरपाड्याची शके ११६१ ची शिळाही याच परंपरेतली आहे.

छपाईने अक्षरे आणि चित्र यांची ही जोडी फोडली. ठाण्यात १७८७ मध्ये सापडलेल्या शिलाहार राजा अरिकेसरीच्या शके ९३९ च्या ताम्रपटाचे इंग्रजी भाषांतर पुढच्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात आले, म्हणजे वाचकाच्या हाती प्रथम पडला तो केवळ आशय. पुढे शिलालेखांचे ठसे छापण्याची पद्धत आली. ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा आणि त्यावर शाई फिरवायची, म्हणजे खोदलेली अक्षरे पांढरी उमटतात. अक्षरांचे वळण त्यामुळे पानावर आले, पण ठसा घेणाऱ्याचे लक्ष मुख्यतः ओळींवर असल्याने शिल्पाच्या वाट्याला बहुधा वर्णनाचे एखादे वाक्य आले. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) आणि वा. वि. मिराशी यांचा शिलाहार लेखांचा संग्रह (१९७७) यांचे ऋण फार मोठे आहे. वाचन, शब्दार्थ, कालनिश्चिती हे सारे त्यांनी उभे केले. तरीही असे संग्रह लेखांचे असल्यामुळे, ज्या गधेगळांवर अक्षर कोरलेच नव्हते किंवा झिजून गेले, त्यांना तिथे जागा मिळणे शक्य नव्हते. अशा मुक्या शिळा कोकणातल्या गावांच्या शिवेवर आणि देवळांच्या आवारात उभ्या आहेत, आणि मूळचा शाप विसरलेल्या लोकांनी त्यांतल्या काहींना शेंदूर लावून देव केले आहे.