वजीफा : इनायतीपासून हक्कापर्यंत



मराठवाड्यातील आपल्या घरांमध्ये एक जुना शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'वजीफा'. हैदराबाद संस्थानच्या काळात सरकारी नोकर सेवेतून मोकळा झाला की 'वजीफ्यावर गेला' असे म्हणत. कागदोपत्री त्याला 'वजीफा हुस्ने-खिदमत', म्हणजे चांगल्या सेवेबद्दलचा वजीफा, असे भारदस्त नाव होते. आणि हुशार विद्यार्थ्याला शिक्षणासाठी सरकारातून जी रक्कम मिळे, तिलाही वजीफाच म्हणत. आज मराठीत आपण पहिल्याला निवृत्तिवेतन आणि दुसऱ्याला शिष्यवृत्ती म्हणतो. म्हातारपणाचा आधार आणि विद्यार्थिदशेचा आधार हे दोन्ही त्या काळी एकाच शब्दात सामावलेले होते.

या शब्दाचा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे, असे मला वाटते. तो केवळ एका शब्दाचा इतिहास नाही. सरकारच्या दारात उभा राहिलेला आपला माणूस याचकाचा नागरिक कसा झाला, याची ती हकीकत आहे. आणि नागरिक झाल्यावरही तो अनेकदा रिकाम्या हाताने का परत येतो, याचे उत्तरही तिच्यातच दडलेले आहे.

निजामी राजवटीत देण्याची रीत मोठी होती. मनसब होते, जागिरी होत्या, इनामे होती, वजीफे होते. सरोजिनी नायडू १८९५ साली अवघ्या सोळाव्या वर्षी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, त्या निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवरच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला. हे सारे अभिमानाने सांगण्याजोगेच आहे. परंतु एक गोष्ट विसरता येणार नाही. या देण्याच्या मुळाशी 'इनायत', म्हणजे मेहेरबानी, होती. अर्जदार अर्ज करी, दरबार मर्जीनुसार देई. उत्तर आले तर नशीब; न आले तर विचारणार कोणाला? नांदेडचा विणकर, लातूरच्या बाजारातील हमाल, खेड्यातील कूळ यांच्यापर्यंत हा वजीफा क्वचितच पोहोचला. मूठभरांच्या वैभवाला सर्वांचे वैभव समजण्याची चूक आपण करू नये.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर ओढवलेला प्रसंग, ही दोन्ही या भूमीची दुःखे आहेत. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने या भागाचा दौरा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नोंद केली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. एकूण मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना आसरा दिला, हेही त्या अहवालात नमूद आहे. तो अहवाल पुढे कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की ज्या घरांतील कमावता माणूस गेला त्या घरांत विधवा व लहान मुले उरली. १९४९ साली जागिरी खालसा झाल्या, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेल्या नोकरचाकरांचाही रोजगार बुडाला. संस्थानी फौजेतील व कचेऱ्यांतील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कारभाराची भाषाही पालटली. काल ज्यांचे उर्दू दस्तऐवज कचेरीत प्रमाण मानले जात, ते आज मराठी आदेश दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागले. माणूस साक्षर होता, तरी कचेरीच्या दारात तो निरक्षर ठरला. पुनर्रचनेच्या कायद्यातील ११५ व्या कलमाने जुन्या संस्थानी नोकरांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले होते. परंतु ते कलम वाचून दाखविणारा माणूस प्रत्येकाला भेटला असेल, असे नाही.

आता दुसरी बाजू पाहू. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने या साऱ्या व्यवहाराचा पायाच बदलला. घटनेचे ४१ वे कलम सांगते, की राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार शिक्षणाची, तसेच बेकारी, वार्धक्य, आजारपण व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी. वजीफ्याचे दोन्ही अर्थ या एका कलमात एकत्र आले आहेत! हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही, हे खरे. पण सरकार जे देते ते कशासाठी देते, हे तेथे लिहून ठेवले आहे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर न्यायालयाने अगदी स्पष्ट निवाडा दिला. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिशी नसून तो नोकराचा हक्क आहे. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित हिशेबाचा लाभ नाकारणे हा भेदभाव आहे, असे न्यायमूर्ती देसाई यांनी त्यात लिहिले. या घटनापीठाचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचेच सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. १७ डिसेंबर हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

विधवांची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची चौकट १९६४ सालची. केंद्र सरकारच्या सेवेतून त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या विधवा तिच्या बाहेर राहिल्या होत्या. पूनमल नावाच्या एका विधवेने अन्य विधवांसह सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि १९८५ साली ते निवृत्तिवेतन त्यांनाही लागू झाले. एका बाईने प्रश्न विचारला आणि तिच्यासारख्या असंख्य बायकांना उत्तर मिळाले.

परंतु ज्यांनी कधी सरकारी नोकरीच केली नाही, त्यांचे काय? शेतमजूर, विडी वळणारी बाई, रिक्षा ओढणारा म्हातारा यांचेही म्हातारपण असतेच. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम पोस्टातून मिळू लागली. तेव्हा आयर्लंडात मोठी गंमत झाली. जन्माची सरकारी नोंद तेथे १८६४ पासूनची, मग सत्तरीचा पुरावा आणायचा कोठून? तेव्हा '१८३९ सालचे मोठे वादळ मला आठवते' असे सांगून म्हातारे आपले वय पटवू लागले. आपल्याकडचे बुजुर्ग 'पोलीस ऍक्शनच्या वेळी मी एवढा होतो' असे म्हणून हाताने उंची दाखवतात, त्याचाच हा प्रकार! गरिबाच्या आठवणीत वर्ष नसते, प्रसंग असतो. आणि कचेरीला प्रसंग चालत नाही, तारीख लागते.

महाराष्ट्रात १९८० साली बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार विधवा, अपंग, अनाथ, दुर्धर आजाराने पीडित, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया यांच्यासाठी ती आहे. वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. केंद्राची वार्धक्य निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा अवघ्या ७५ रुपयांनी सुरू झाली. राज्याच्या योजनांची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. रक्कम थोडी आहे, याबद्दल दुमत नाही. पण औषधाच्या पैशांसाठी सुनेपुढे हात पसरावा न लागणे, ही त्या म्हातारीच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत आहे अशा विद्यार्थ्यांना फी माफ करण्याचा निर्णय झाला. 'ई.बी.सी.ची सवलत' या नावाने ती घराघरात ओळखली गेली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि १९६१ साली लातूरला दयानंद कॉलेज निघाले. पहिल्या पिढीचे पदवीधर घडविण्यात या महाविद्यालयांइतकाच त्या फीमाफीचाही वाटा आहे.

१९९४ साली राज्य सरकारने मुसलमानांतील अनेक व्यावसायिक जमातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती लागू केल्या. त्यासाठी जालन्याचे शब्बीर अन्सारी व त्यांचे सहकारी यांनी गावोगाव फिरून जागृती केली. अभिनेते दिलीपकुमार यांनीही त्यांना साथ दिली. पण येथेही कागद आडवा आला. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्याकडील जुन्या शाळांच्या नोंदवह्यांत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले! आजोबा बागवान की पिंजारी, हे साऱ्या गावाला ठाऊक, पण वहीला ठाऊक नाही. ज्या घरांनी जुनी उर्दू सनद, खरेदीखत किंवा महसुली उतारा जपून ठेवला, त्यांचे काम झाले. ज्यांनी 'आता हे कोण वाचतो' म्हणून रद्दीत घातले, त्यांची मुले हेलपाटे घालत राहिली.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. मुसलमानांचे शैक्षणिक मागासलेपण त्याने आकड्यांनिशी देशापुढे मांडले. त्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकपूर्व व मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. जे मिळते ते कायमचे असते असे नाही. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद होऊन नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही २०२२ साली बंद झाली. उलट जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. म्हणजे एक दार बंद होते तेव्हा दुसरे उघडलेलेही असते. पण ते उघडल्याचे कळायला हवे. बंद झालेल्या दारासमोर रांग लावून आपण वर्ष फुकट घालवतो, आणि उघड्या दाराची मुदत निघून जाते.

पालक बंधुभगिनींनो, म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. सरकारकडे तोंडी विचारू नका, लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते, आणि तोंडी उत्तराला उद्या कोणी बांधील राहत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार कचेरीने ३० दिवसांच्या आत माहिती द्यावयाची आहे. निवेदन कोणत्या भाषेत लिहावे, याचाही संकोच नको. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तथापि मुलांनी मराठी उत्तम शिकावी, असेही मी आग्रहाने सांगेन, कारण उत्तर बहुधा मराठीतच येणार आहे.

दुसरे असे, की नावाची काळजी घ्या. शाळेत 'शेख', शिधापत्रिकेवर 'शेक', आधार कार्डावर वडिलांचे नाव आधी आणि बँकेत नंतर, अशा एवढ्याशा फरकापायी मुलाची शिष्यवृत्ती अडते आणि विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन रखडते. मूल पहिलीत घालताना जे नाव लिहिले जाते, ते निवृत्तीच्या कागदापर्यंत चालते. ज्यांच्या घरी निवृत्तिवेतन येते, त्यांनी नोव्हेंबर महिन्यातील हयातीचा दाखला चुकवू नये. पतिपत्नीची नोंद निवृत्तिवेतनाच्या कागदात आहे की नाही, हे दोघे हयात असतानाच पाहून घ्यावे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. १९५६ साली भाषा पालटली तेव्हा तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला कागद वाचून दाखवणारा मिळाला नाही. आज तुम्ही आहात. तुमच्यापैकी कित्येकांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्या येतात. घरातील लोखंडी पेटी एकदा उघडा. जुनी कागदपत्रे उलगडा, त्यावर काय लिहिले आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपा, त्यांच्या प्रती काढून ठेवा. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या विधवा खालाजानचा अर्ज भरून द्या, तिच्याबरोबर तहसील कचेरीत जा, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. हे काम शिकण्यासाठी परीक्षेत गुण मिळणार नाहीत. पण तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग एका माणसाला झालेला तुम्ही डोळ्यांनी पाहाल.

वजीफा हा शब्द आपल्या आजोबांनी मान लववून उच्चारला. आपल्याला तो मान ताठ ठेवून उच्चारता येतो, कारण त्यामागे आता घटना आहे, कायदा आहे आणि न्यायालयाचे निवाडे आहेत. उरते ते आपले काम : कागद जपणे, वेळेवर अर्ज करणे, आणि उत्तर मिळेपर्यंत सौजन्याने परंतु नेटाने विचारत राहणे. शिक्षण संस्थेने वर्ग भरवावेत, आणि समाजाने घरोघरी एवढे करावे. अल्लाह आपल्या प्रयत्नांना यश देवो.