जुन्या संगणकांचा दुभाषी

स्मरणिकेत आठवणींचे लेख भरपूर असतील, म्हणून मी माझ्या कामातला विषय निवडला आहे. संगणकाच्या क्षेत्रात इतिहासाला फारशी किंमत नसते. दहा वर्षांपूर्वीचे यंत्र म्हणजे भंगार, असाच हिशेब असतो. पण याच क्षेत्रातल्या एका वस्तूचा सगळा इतिहास जुन्यांना सांभाळून घेण्याचा आहे. ती वस्तू म्हणजे प्रिंट सर्व्हर.

शाळेच्या संगणक-खोलीत आपण चपला बाहेर काढून जायचो ते आठवत असेल. प्रिंटर एकाच संगणकाला जाड केबलने जोडलेला असायचा. ज्याला कागद हवा, त्याने फ्लॉपी घेऊन त्या संगणकापाशी जायचे. प्रिंट सर्व्हर म्हणजे ही फेरी वाचवणारा मधला संगणक. तो सगळ्यांची कामे घेतो, रांगेत लावतो आणि एकेक करून प्रिंटरकडे सोडतो.

ही कल्पना महागाईतून आली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला. असे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. १९७३ मध्ये त्याच केंद्रात ईथरनेटची कल्पना मांडली गेली आणि अनेक संगणकांनी मिळून एक प्रिंटर वापरण्याची रीत तिथे रुळली. बर्कलीच्या युनिक्समध्ये छपाईची रांग सांभाळणारा ‘एलपीडी’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्याचे नियम १९९० मध्ये लिहून प्रसिद्ध झाले. ते इतके साधे होते, की अनेक नेटवर्क प्रिंटरांना ती भाषा आजही कळते.

अडचण रांगेची नव्हती, भाषेची होती. पान कसे दिसावे हे प्रिंटरला कोणत्या भाषेत सांगायचे? एचपीच्या १९८४ च्या लेझरजेटची भाषा पीसीएल, तर ॲपलच्या १९८५ च्या लेझररायटरची पोस्टस्क्रिप्ट. त्या लेझररायटरची किंमत जवळपास सात हजार डॉलर होती. तोही सगळ्यांनी मिळून वापरावा, अशाच बेताने बनवला होता. पुढे प्रिंटर स्वस्त झाले, तसा प्रत्येक मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर आला. नवा प्रिंटर घेतला की त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी निघालेलाच नसायचा. संगणक धडधाकट, प्रिंटर कोरा करकरीत, आणि दोघांत अबोला! कितीतरी कार्यालयांतून चालते संगणक एवढ्याच कारणाने अडगळीत गेले.

हा अबोला तीन कामांनी मोडला. १९८८ मध्ये एल. पीटर डॉइच यांनी ‘घोस्टस्क्रिप्ट’ लिहिले. ते पोस्टस्क्रिप्ट वाचते आणि दुसऱ्या प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलून देते. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी संगणकांमधली देवाणघेवाण तपासत फाइल सर्व्हरच्या बोलीचे नियम ताडले. त्यातून ‘सांबा’ घडले. विंडोज यंत्रे ज्या एसएमबी बोलीत एकमेकांशी बोलतात, ती त्यामुळे युनिक्सलाही येऊ लागली. हे नाव नाचावरून सुचलेले नाही. एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारा शब्द शब्दयादीत शोधला, तेव्हा ते सापडले. तिसरे काम मायकेल स्वीट यांच्या ‘कप्स’चे. १९९९ मध्ये आलेली ही प्रणाली आयपीपी या नव्या छपाई-बोलीवर उभी होती. २००२ मध्ये ॲपलनेही ती स्वीकारली.

हे तिन्ही एका साध्या लिनक्स संगणकावर एकत्र आणले, की गंमत सुरू होते. समजा, विंडोज एक्सपीचा जुना संगणक आहे आणि प्रिंटर कालपरवा आणलेला. एक्सपीसाठी त्याचा ड्रायव्हर शोधत बसायचेच नाही. एक्सपीच्या यादीत आधीपासून असलेला एखादा जुना लेझररायटर निवडायचा आणि पत्ता सर्व्हरचा द्यायचा. एक्सपी समजतो, आपण ॲपलच्या प्रिंटरशी बोलतो आहोत. तो पोस्टस्क्रिप्ट पाठवतो, सर्व्हर भाषांतर करतो आणि पान नव्या प्रिंटरमधून बाहेर येते. जुन्याला नवे काही शिकावे लागत नाही. शिकायचे ते मधल्याने.

मराठी माणसाला याचा एक खास उपयोग आहे. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटू लागली ती विंडोज २००० पासून, आणि सर्रास वापरात यायला आणखी काही वर्षे गेली. तोवरचा आपला बहुतेक मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टांमध्ये टाइप झाला. छापखान्यांतली डीटीपीची कामे, संस्थांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक, सगळे त्यातच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मात्र जुन्या संगणकावरून छपाईचा हुकूम दिला, की पोस्टस्क्रिप्टबरोबर अक्षरांचे आकारही सर्व्हरकडे जाऊ शकतात. कप्सला कागदाऐवजी पीडीएफ बनवणारा प्रिंटरही जोडता येतो. मग तेच पान, जसेच्या तसे, कोणत्याही फोनवर वाचता येते. त्यातला मजकूर शोधण्याजोगा होत नाही, त्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर वेगळे करावे लागते. पण पान तरी हातचे जात नाही.

या सांभाळून घेण्याची किंमतही आहे. एक्सपीला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते, आणि मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजमधल्या त्याच आवृत्तीच्या फटीतून जगभर पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामे त्यामुळे खोळंबली. सांबानेही २०१९ मध्ये ती आवृत्ती आपल्याकडे मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणून जुन्या यंत्राला इंटरनेटपासून तोडून फक्त सर्व्हरशी जोडावे. एक्सपीला आयपीपी कळते, तेव्हा छपाईसाठी एसएमबी उघडण्याची गरजही पडत नाही. वडीलधाऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तसेच हे.

आता मुद्द्याचे. आपल्यापैकी कोणाच्या घरी, दुकानात किंवा छापखान्यात जुना चालू संगणक असेल आणि त्यात शाळेचे जुने अंक, निकालपत्रके किंवा स्नेहसंमेलनाच्या पत्रिका पडून असतील, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी कृपया कळवा. फाइली आहेत, पण फॉन्ट असलेला संगणक गेला, की मग ते वाचायचे कसे हा प्रश्न सुटता सुटत नाही. सर्व्हरचे काम माझ्याकडे. जुनी मशागत केलेला एखादा साधा संगणक आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो. निघतील ती पाने शाळेच्या ग्रंथालयाला देऊ. गुरुजनांनी लिहिलेले आणि आपण तेव्हा न वाचलेले बरेच काही त्यात सापडेल.