पेटीतले कफन

मराठी माणसाच्या समुद्रप्रवासाचा विषय निघाला की १८८३ साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींची आठवण हमखास निघते. नांदेड-लातूरचे नाव कुणी घेत नाही. तिथे समुद्रच नाही, मग बोटीची तयारी कुठली? पण निजामाच्या राजवटीत आणि नंतरही या भागातले हाजी मुंबईहून बोटीने जेद्द्याला जात. लातूरकर बार्शी लाइट रेल्वेने (ती लातुरास १९११ साली पोचली) कुर्डुवाडी गाठत, नांदेडकर मनमाड.

तयारी सामानापासून सुरू होत नसे. आधी कर्ज फेडायचे, देणीघेणी मिटवायची, दुखावलेल्यांची माफी मागायची, मग पेटी. तीत एहरामची दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रे आणि पुष्कळदा कफनाचे कापडही. ते जमजमच्या पाण्यात भिजवून परत आणायचे, नाहीतर वाटेतच ते उपयोगी पडायचे. परतण्याची खात्री न धरता केलेली ही बांधाबांध आपल्या प्रवासवर्णनांत जवळजवळ आलीच नाही. ती उर्दू-दखनीत बोलली जात होती, एवढे कारण मला पुरेसे वाटत नाही.

मक्केत उतरण्याची सोय मात्र घरची होती. हैदराबाद संस्थानच्या रुबाती, म्हणजे यात्रेकरूंची निवासस्थाने, तिथे होत्या. संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी तीन राज्यांत झाली, हजच्या बोटी १९९५ साली थांबल्या. तरी रुबातीच्या हिशेबात मराठवाड्याचे जिल्हे जुन्या संस्थानातच राहिले.